तन दुरुस्त

मराठीत घड्याळ दुरुस्त होतं, शुद्धलेखनातली चूक दुरुस्त होते, गावच्या पाणीयोजनेचा पंप दुरुस्त होतो आणि देशाची राज्यघटनाही दुरुस्त होते. पहिली घटनादुरुस्ती १९५१ सालची. याच ओळीत आपण माणसाचं शरीर नेऊन बसवलं आहे आणि त्याला तंदुरुस्त म्हणतो. शब्द इतका रोजचा, की त्यातला 'दुरुस्त' कानावरून निसटून जातो. कवितेतल्या ओळीपाशी आपण थांबतो, तिचा एकेक शब्द जिभेवर घोळवतो, तो कुठून आला आणि इथे येऊन त्याचं काय झालं हे पाहतो. एखाद्या सुट्या शब्दापाशीही तसंच थांबावं असं मला वाटतं. शरीराच्या सुस्थितीसाठी मराठीत जे शब्द आहेत त्यांतला एक निवडायचा झाला, तर मी हाच निवडेन. या चार अक्षरांत इराणचा एक सम्राट आहे, कोल्हापूरची लाल माती आहे आणि शरीराकडे बघण्याची एक खास दृष्टी आहे. ती मला 'निरोगी'त सापडत नाही. 'फिट'मध्ये तर मुळीच नाही.

आधी तो नुसता ऐकावा. तं, दु, रु, स्त. गुरू, लघू, गुरू, लघू. वृत्ताच्या भाषेत गालगाल. 'रु' ऱ्हस्व असला तरी पुढच्या जोडाक्षरामुळे त्याचं वजन वाढतं आणि शब्दाला चालण्याची लय येते. एक जड पाऊल, एक हलकं, पुन्हा जड, पुन्हा हलकं. त, द, त ही तिन्ही व्यंजनं दातांशी जन्मणारी, मध्ये फक्त 'र'चा कंप. शेवटचा 'स्त' तर फारसीतून आलेल्या कितीतरी शब्दांच्या अंगावरची खूण आहे: चुस्त, मस्त, जबरदस्त, बंदोबस्त. 'स'वर श्वास सुटू लागतो आणि 'त' त्याला अडवतो, त्यामुळे शब्द सैल न होता घट्ट मिटतो. 'सुस्त'ही याच घरातला, पण तिथे आरंभीचाच 'सु' असा लांबतो की पुढच्या 'स्त'ला त्याला सावरता येत नाही. ध्वनी आणि अर्थ दर वेळी हातात हात घालून चालतात असा माझा दावा नाही. 'तंदुरुस्त'मध्ये मात्र ते चालतात.

पुष्कळ जण बोलताना 'तंदरुस्त' म्हणतात. लागोपाठचे दोन उकार जिभेला नकोसे होतात, हे समजण्यासारखं आहे. पण त्या उच्चारात 'दुरुस्त' पुसट होतो, म्हणून मला तो रुचत नाही. लिहिण्यातही एक आडपडदा आहेच. अनुस्वार दिल्यामुळे 'तन'मधला न त-च्या डोक्यावर जाऊन बसला, आणि तन-दुरुस्त हा सरळ समास मराठी डोळ्यांना समास वाटेनासा झाला.

तो उलगडला की पहिलाच शब्द हाताशी येतो तो 'तन'. फारसी तन, अवेस्तातला तनू आणि संस्कृत तनू ही सख्खी भावंडं. संस्कृतात 'तन्' या धातूचा अर्थ ताणणं, पसरणं. त्याच्यापासून तंतू, गाण्यातली तान, ताण, वंश पुढे नेणारे तनय आणि संतान. देहाला आपण इतर जी नावं देतो त्यांच्या शेजारी हे नाव ठेवून पाहावं. 'शरीर' या शब्दाची परंपरेने दिलेली व्युत्पत्ती आहे 'शीर्ण होतं ते': झिजणारं, मोडणारं. 'देह' लेपणाच्या, लिंपण्याच्या धातूपासून आलेला. 'काया' रचण्याच्या, ढीग घालण्याच्या धातूपासून. म्हणजे एका नावात झीज, दुसऱ्यात लिंपण, तिसऱ्यात रास. तनूत मात्र ताण आहे, वीणेच्या तारेत असतो तसा. सैल पडला तर स्वर नाही आणि फार ओढला तर तार तुटते. वैराग्य सांगणाऱ्यांना शरीर आणि देह हे शब्द सोयीचे वाटले असतील, पण पहाटे उठून जोर काढणाऱ्या माणसासाठी 'तन'च योग्य.

गंमत अशी की 'व्यायाम' या अस्सल संस्कृत शब्दाच्या पोटातही ताणणंच आहे. वि, आ आणि यम्: दूरवर पसरणं, लांबवणं. त्याचा जवळचा नातलग 'व्याम'. दोन्ही हात आडवे पसरले की एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत जे अंतर होतं तो व्याम. मराठीत त्याचा झाला 'वाव'. दोर वावांनी मोजत, समुद्राची खोली वावांनी सांगत. माणसाने हात पसरले की त्याच्या शरीराचंच माप तयार होतं आणि त्या मापाने तो बाहेरचं जग मोजतो. एक शब्द फारसीच्या वाटेने आला, दुसरा संस्कृतच्या, आणि दोघांचंही सांगणं एकच: आखडलेलं अंग मोकळं करा.

आता शब्दाचा खरा गाभा, 'दुरुस्त'. फारसीत तो 'बरोबर, योग्य, अखंड, जसं हवं तसं' या अर्थाचा. त्याच्या आधीच्या मध्य फारसीत 'द्रुस्त' होता, आणि तिथेही निकोप आणि बरोबर हे दोन्ही अर्थ त्याच्यात एकत्र नांदत होते. आरोग्य हा शब्दाला नंतर चिकटलेला अर्थ नव्हे; तो पहिल्यापासूनचा. याच कुळात 'दुरूद' आहे. पैगंबरांना पाठवायच्या सलामाचं हे नाव महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांत रोजच्या प्रार्थनेत येतं. मुळात तो कुशल चिंतणारा शब्द. 'निकोप असा' हीच त्यातली सदिच्छा. एखाद्याला भेटल्यावर सर्वांत आधी त्याच्या तब्येतीची वास्तपुस्त करावी, ही रीत त्या कुळाच्या रक्तातच आहे.

आणखी मागे गेलं तर आपण इराणच्या पश्चिम भागातल्या बेहिस्तूनच्या कड्यापाशी पोहोचतो. इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास दारियस या सम्राटाने तिथे आपली कारकीर्द तीन भाषांत कोरून घेतली. त्यातल्या प्राचीन फारसी मजकुरात, पुढे येणाऱ्या राजांना उपदेश करताना, एक शब्द येतो: 'दुरुव'. अर्थ स्थिर, सुरक्षित, निर्धोक. आपला देश दुरुव राहावा असं वाटत असेल तर खोटेपणाला थारा देऊ नका, असा त्या उपदेशाचा आशय. भाषेचे अभ्यासक या 'दुरुव'शेजारी संस्कृत 'ध्रुव' ठेवतात. मला या ठिकाणी नेहमी थांबावंसं वाटतं. आज ज्या शब्दाने आपण शेजारच्या आजोबांच्या तब्येतीचं कौतुक करतो, त्याच्या पूर्वजाने कधीकाळी एका साम्राज्याची प्रकृती सांगितली होती. 'प्रकृती' हाही तसाच शब्द आहे म्हणा. मराठीत ती माणसाचीही असते आणि राज्यशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत राज्याचीही.

काही अभ्यासक या कुळाचा धागा त्याहून मागे, लाकडापर्यंत नेतात. संस्कृत 'दारु' म्हणजे लाकूड, 'द्रुम' म्हणजे झाड. टणक, न वाकणारं, आतून भरीव. निकोपपणासाठी असलेल्या रशियन शब्दाची फोडही पुष्कळ जण 'चांगल्या लाकडाचा' अशीच करतात. हा धागा शेवटपर्यंत पक्का धरता येईल असं मी म्हणत नाही, पण त्याच्या उजेडात मराठी वाचली की एक सुंदर गोष्ट दिसते. आपणही माणसाच्या बांध्याला 'अंगकाठी' म्हणतो. संस्कृत वळणाने बोलायचं तर 'शरीरयष्टी', आणि यष्टी म्हणजे काठीच. मजबूत माणूस 'हाडापेरानं' मजबूत असतो. पेर हे उसाचं, बांबूचं. आणि महाराष्ट्राने जगाला दिलेला व्यायाम म्हणजे मल्लखांब, जमिनीत रोवलेल्या तासीव लाकडाशी चाललेली अंगाची झटापट. तिथे लाकूड हाच प्रतिस्पर्धी आणि तोच गुरू. शरीर आणि लाकूड यांची ही सोबत आपल्या भाषेने आपण होऊन जमवली आहे.

इथपर्यंतचा प्रवास पूर्वजांचा. आता मराठीने स्वतः काय केलं ते पाहू. मला सर्वांत जास्त रस तिथे आहे.

हिंदीत 'दुरुस्त' अजूनही मुख्यतः 'बरोबर' या अर्थाने फिरतो. कुणी पटण्यासारखं बोललं की ते दुरुस्त म्हटलं जातं. उशिरा आलं तरी दुरुस्त आलं असं म्हणतात. मोडलेलं नीट करायला हिंदीत 'मरम्मत' आहे. मराठीने 'बरोबर'साठी 'बरोबर'च ठेवला आणि 'दुरुस्त'ला कामाला जुंपलं. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे बिघडलेली वस्तू पुन्हा चालती करणं. सायकलदुरुस्ती, पूलदुरुस्ती, मुद्रितांची दुरुस्ती. 'डागडुजी' वेगळी, ती तात्पुरती, ठिगळ लावून वेळ निभावणारी, पावसाळ्याआधी कौलांची करतात तशी. दुरुस्तीत वस्तू आपल्या मूळ कामावर परत रुजू होण्याची अपेक्षा असते. आणि 'नादुरुस्त' हा शब्द तर मराठी माणसाने एसटीला लावला, विजेच्या पंपाला लावला आणि त्याच सहजतेने तब्येतीलाही लावला. 'प्रकृती नादुरुस्त असल्यामुळे' या शब्दांनी सुरू होणारे रजेचे अर्ज आपल्याकडे किती लिहिले गेले असतील! त्यात कुणालाही काही विचित्र वाटलं नाही. भाषेच्या मनात शरीर आणि पंप एकाच प्रकारे बिघडतात, आणि म्हणून एकाच प्रकारे नीटही करता येतात.

यामुळे मराठी कानाला 'तंदुरुस्त' शब्दात काही वेगळंच ऐकू येतं. फारसीतलं तन नुसतं 'बरोबर' आहे. मराठीतलं तन बरोबर केलेलं आहे आणि रोज करावं लागणारं आहे. उर्दूत एक प्रसिद्ध म्हण आहे, तंदुरुस्ती ही हजार देणग्यांच्या तोलाची असं सांगणारी. तिथे ती देवाघरची देणगी आहे. मिळाली तर भाग्य. रेडिओच्या काळात लाइफबॉय साबणाच्या जाहिरातगीताचा पहिलाच शब्द 'तंदुरुस्ती' होता, आणि तिथे ती जपायची, राखायची ठेव होती. मराठी मन या दोन्हींशी सहमत होईल, पण आपल्या वापरातला 'दुरुस्त' तिसरंच काही सांगतो: यात हात घालावा लागतो. झीज होणार हे त्याने गृहीत धरलं आहे. शरीराच्या झिजेला तो घाबरत नाही आणि तिच्याकडे डोळेझाकही करत नाही. मला या शब्दाचा मोठेपणा इथे वाटतो.

कुणी विचारेल, संस्कृतात 'स्वस्थ' इतका सुरेख शब्द असताना मराठीला फारसीच्या दारात जायची गरज काय पडली? स्वस्थ म्हणजे स्वतःमध्ये स्थित. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात स्वस्थ माणसाची जी व्याख्या आहे ती आयुर्वेदाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. दोष समतोल असावेत, जठराग्नी सम असावा, धातूंचं आणि मलविसर्जनाचं काम नीट चालावं. आणि एवढं होऊनही पुरेसं नाही, आत्मा, इंद्रियं आणि मनही प्रसन्न असावं. व्याख्या पोटापासून सुरू होते आणि मनाच्या प्रसन्नतेपाशी येऊन थांबते. मराठीने या शब्दाचं काय केलं पाहा. तिने व्याख्येचा पूर्वार्ध गाळला आणि उत्तरार्ध उचलला. आपल्याकडे 'स्वस्थ बस' म्हणजे हालचाल करू नको. 'स्वस्थता' म्हणजे मनाची शांती, 'अस्वस्थ' म्हणजे आतून तगमगणारा. हिंदी भाषकाच्या तोंडचं 'मैं स्वस्थ हूँ' मराठी माणसाने शब्दशः म्हटलं तर तो नुसता निवांत बसला आहे असं वाटेल. शब्द मनाकडे गेला आणि शरीराची जागा रिकामी राहिली. ती 'तंदुरुस्त'ने भरली, असं मला वाटतं. आणि ज्याने ती भरली त्याला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही, हेही मला लक्षणीय वाटतं.

'आरोग्य' आणि 'निरोगी' होतेच, पण दोन्हींच्या मध्यभागी रोग बसला आहे. रोग नाही एवढंच ते सांगतात. 'सुदृढ' बाळांच्या स्पर्धेत अडकला. 'सशक्त' फक्त बळाचा हिशेब ठेवतो.

हा शब्द जिथे खऱ्या अर्थाने राहतो ती जागा म्हणजे तालीम. 'तालीम' मुळात अरबी, अर्थ शिक्षण. नाटकाची तालीम आणि कुस्तीची तालीम यांना मराठीने एकच नाव दिलं, कारण दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट अंगवळणी पडेपर्यंत पुन्हापुन्हा करायची असते. कोल्हापुरात तर पेठापेठांची ओळखच तालमीने होते. तिथले फुटबॉल संघसुद्धा 'पाटाकडील तालीम मंडळ', 'दिलबहार तालीम मंडळ' अशा नावांनी मैदानात उतरतात. आत पाऊल टाकलं की समोर मारुती, आणि त्याच्या पुढ्यात जी भाषा बोलली जाते ती ऐकण्यासारखी असते. शिकवणारा 'वस्ताद', फारसी उस्ताद. खाणं 'खुराक', तोही फारसी. दंडाला 'जोर' हे नाव फारसी शक्तीवरून आलेलं. 'पहिलवान' हा पहलव म्हणजे पार्थियन योद्ध्यांच्या नावापर्यंत जाणारा. आणि या सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून आखाडा, लंगोट, मुद्गल, मल्लखांब. शेंदूर लावलेल्या देवापुढे घाम गाळताना कुठला शब्द कुठून आला हे विचारायला तिथे कुणाला सवड नव्हती. ज्या शब्दाने काम झालं तो आपला.

तालमीच्या या भाषेतले आणखी दोन शब्द मला विशेष प्रिय आहेत. एक 'कसरत'. अरबीत त्याचं मूळ आहे पुष्कळपणा, विपुलता. व्यायामाला 'पुष्कळ' हे नाव देणाऱ्याने शरीराचं गुपित ओळखलं होतं. एकदा काढलेल्या जोराने काहीही होत नाही, आणि हजारदा काढला की तोच जोर अंगात मुरतो. दुसरा 'मेहनत'. अरबीत तो कसोटी, संकट, यातना या अर्थाचा. पहिलवान आपल्या व्यायामाला आजही 'मेहनत' म्हणतात. 'सकाळची मेहनत झाली का?' असं विचारतात. शेतकरी जमिनीची 'मशागत' करतो, आणि तोही शब्द कष्ट या अर्थाच्या अरबी 'मशक्कत'मधून आलेला. जमीन असो की अंग, मराठीने त्यांच्या सुस्थितीला कष्टाचंच नाव दिलं. आखाड्याची लाल माती स्वतः पहिलवानच फावड्याने उकरतात. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळतात. त्या उकरण्यातच निम्मी मेहनत होऊन जाते. मातीची दुरुस्ती आणि अंगाची दुरुस्ती एकाच वेळी चालते.

या जगाला राजाश्रय दिला तो शाहू महाराजांनी. खासबागेतलं कुस्तीचं मैदान त्यांच्या काळात, १९१२ साली पुरं झालं. त्याच मातीच्या परंपरेतून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पण तालमीच्या मेहनतीला एक मर्यादाही हवी, आणि ती आपल्या जुन्या वैद्यकाने नेमकी आखून दिली आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत सांगितलं की बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेसुद्धा थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही कमी. अर्धी शक्ती संपली हे ओळखायचं कसं, तर कपाळाला, काखेत घाम फुटतो, तोंड कोरडं पडतं, श्वास तोंडाने घ्यावासा वाटतो. पुढे गेलात तर तहान, क्षय, धाप, खोकला. म्हणजे दुरुस्तीच्या नादात यंत्रच मोडू नये याची काळजी. तनूतल्या ताणाविषयी वर जे म्हटलं, ते इथे वैद्याच्या तोंडून येतं.

अशा शब्दावर संकटंही आली. शिवछत्रपतींच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम उघडली. तिने दिलेले 'दिनांक', 'महापौर' आज आपल्या अंगवळणी पडले आहेत. माधव ज्युलियन तर फारसीचे गाढे अभ्यासक, १९२५ सालच्या फारसी-मराठी कोशाचे कर्ते, आणि तेही पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. या सगळ्यांच्या देशप्रीतीविषयी मला आदर आहे. तरीही तंदुरुस्त हलला नाही, आणि तो हलला नाही याचा मला आनंद आहे. इतकंच काय, राज्यघटनेच्या शुद्ध संस्कृत 'घटने'ला जोडायला मराठीने 'दुरुस्ती'च घेतली. लोकांनी तो परका मानलाच नाही. आणि ध्रुव व तनू यांच्या भावंडांना परकं म्हणायचं तरी कसं?

खरी स्पर्धा आता आहे ती 'फिट'शी. हा शब्द लहान आहे, चटपटीत आहे, तरुणांच्या तोंडी सहज बसला आहे. त्याला मी वाईट म्हणणार नाही. मात्र तो काय म्हणतो ते नीट ऐकावं. इंग्रजीत त्याचा मूळ रोख 'जुळणारा, योग्य' असा आहे. कपडा फिट बसतो, स्क्रू फिट होतो, नळ बसवणारा फिटर असतो. प्रवासी वाहनाला सरकारकडून फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं, आणि त्याचं मराठी 'योग्यता प्रमाणपत्र' असं होतं ते अगदी बरोबर आहे. फिट म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो, कशासाठी? सैन्यभरतीसाठी, संघात निवड होण्यासाठी, एखाद्या मापाच्या कपड्यात शिरण्यासाठी. माप बाहेर कुठेतरी असतं आणि शरीराने त्यात बसायचं असतं. तंदुरुस्त हा प्रश्न विचारत नाही. त्याचं माप त्या तनापाशीच आहे. ऐंशी वर्षांच्या बाईला आपण तंदुरुस्त म्हणतो तेव्हा तिने कुणाच्या चौकटीत बसावं अशी आपली अपेक्षा नसते. तिचं शरीर तिच्या वयाच्या, तिच्या कामाच्या मानाने नीट चालतं आहे, इतकंच. आरशासमोर उभ्या राहून स्वतःवर नाराज होणाऱ्या मुलामुलींच्या कानावर हा जुना शब्द पुन्हा पडावा असं मला मनापासून वाटतं.

तंदुरुस्तच्या शेजारी मानाने बसवावा असा देशी शब्द एकच, 'ठणठणीत'. तो कानाने केलेली परीक्षा आहे. तांब्याची घागर घेताना बोटाच्या पेराने ती वाजवून बघतात. चीर नसेल तर आवाज ठणकतो, असेल तर बदबदतो. शरीर वाजवून बघण्याची ही कल्पना अस्सल मराठी आहे, आणि 'आजोबा अगदी ठणठणीत आहेत' यातला उत्साह तंदुरुस्तला साधत नाही. 'धडधाकट'चं तसं नाही. तो डोळ्यांनी पाहतो: हातपाय शाबूत आहेत, अंग पुरतं आहे. बऱ्याचदा तो रागातही येतो. धडधाकट असून काम करत नाही, अशा तक्रारीत.

हे सगळे शब्द एका माणसाला लावून पाहिले की त्यांच्यातला फरक लख्ख होतो. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे. सैन्यात गेले, तिथे मुष्टियोद्धा म्हणून नाव कमावलं. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आलं, आणि त्या पाण्यात त्यांनी आपल्या शरीराची नव्याने मांडणी केली. १९७२ साली पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. पुढे २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला.

हायडेलबर्गच्या त्या तलावात उतरलेल्या पेटकरांना 'धडधाकट' म्हणता येणार नाही. तो शब्द पाय मोजत बसेल. 'ठणठणीत' म्हणताना जीभ अडखळेल, कारण त्याला चीर चालत नाही. 'फिट' तर त्यांना लष्कराच्या वैद्यकीय तपासणीच्या दारातूनच परत पाठवील. 'तंदुरुस्त' मात्र त्यांना निःशंक म्हणावं, आणि म्हणताना शेवटच्या तीन अक्षरांवर पुरेसा जोर द्यावा.